मुख्य चालक

९ मार्च, शनिवार

गाडी आणली. आजचा दिवस विसरायला नको, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे. किती दिवस टिकेल माहीत नाही.

फोर्ड फाल्कन, सहा सिलिंडर, टर्बो, हाताने टाकायचे सहा गिअर, रंग नारिंगी. डेव्हनपोर्टच्या एका नर्सची होती. तिला बाळ झालं आणि मागच्या सीटवर बाळाची खुर्ची नीट बसेना, म्हणून विकली. मी सोळाव्या वर्षापासून टायरच्या दुकानात लोकांची चाकं काढते आणि लावते. त्या सगळ्या चाकांची मिळून ही गाडी झाली. माझ्या नावावर जगात दुसरं काही नाही.

आई मेलबर्नला गेल्यापासून पेंग्विन गावातल्या या घरात नॅन, म्हणजे माझी आजी, आणि मी, दोघीच. नॅन फाटकाशी उभी होती.

"फोर्ड?"

"फोर्ड."

"तुझ्या पॉपने जन्मात होल्डनशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. आज असता तर तुला गाडीसकट समुद्रात ढकललं असतं."

मग तिने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आवाज काढून दाखव." मी काढला. शेजारचा कुत्रा पळाला. नॅन इतकी हसली की तिला फाटक धरावं लागलं. पॉपला, म्हणजे आजोबांना, पुरल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

१२ मार्च

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

विम्यासाठी तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी 'पंचविशीच्या आत टर्बो नाही' म्हणून फोन ठेवला. तिसरीने वर्षाचे चार हजार सहाशे डॉलर सांगितले. मी विचारलं, "एवढ्यात रोज गाडी धुऊन पण देता का?" ती हसली नाही. विम्याशिवाय चालवावी तर एखाद्या डॉक्टरच्या गाडीला घासली की मी चाळिशीपर्यंत हप्ते भरत बसणार.

दुकानाचा मालक विन्स म्हणाला, "गाडी घेणं म्हणजे लग्न. खर्च नंतर कळतो."

"मग आधी सांगायचं."

"सांगून कोणी ऐकलंय? माझी दोन झाली."

संध्याकाळी कोबी आला. माझा मावसभाऊ. बटाट्याच्या कारखान्यात असतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या विषयांवर त्याचं मत असतं. म्हणाला, "नॅनला मुख्य चालक दाखव. तू आपली अधूनमधून चालवणारी. सगळे असंच करतात. अर्ध्या टास्मानियाच्या आज्या कागदावर टर्बो पळवतात, इंडे."

मी पुन्हा फोन करून भाव विचारला. नॅनच्या नावाने चौदाशे.

१४ मार्च

नॅनला विचारलं. तिचं लायसन्स चालू आहे, पण पर्समध्ये ओळखपत्र म्हणून. पॉप तिला कधी गाडी देतच नसे, 'क्लच घालवशील' म्हणायचा. तो गेल्यावर त्याची होल्डन मामा घेऊन गेला. नॅनला कोणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून ती बसने फिरते.

"म्हणजे मी असं सांगायचं की ही गाडी जास्त करून मी चालवते."

"हो. नुसतं कागदावर."

"सही कागदावरच करतात ना?"

"नॅन, सगळे करतात."

"सगळे गेले खड्ड्यात." तिने खिडकीतून गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "ठीक आहे. करते सही. चावी दे."

"कशाला?"

"चालवायला. खोटी सही मी करणार नाही. मुख्य चालक म्हटलं तर मुख्य चालक."

मला वाटलं गंमत करते आहे. तिने हात पुढे धरलेला तसाच ठेवला. मी चावी दिली.

१७ मार्च, रविवार

गंमत नव्हती. आज बाजाराचा दिवस, आणि गावातल्या मोठ्या पेंग्विनच्या पुतळ्यासमोर गाडी चार वेळा बंद पडली. लोक आइस्क्रीम खात उभे राहून बघत होते. मी सीटवर जितकी खाली सरकता येईल तितकी सरकले.

"क्लच हळू सोड, नॅन."

"हळूच सोडतेय. तीच उडी मारते."

पाचव्यांदा गाडी निघाली. बघ्यांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि नॅनने हात हलवला, जणू इंग्लंडची राणी.

८ एप्रिल

हल्ली माझी सकाळ अशी असते. नॅन मला अल्व्हरस्टोनला दुकानापर्यंत माझ्याच गाडीतून सोडते. पोरं दारात रांगेने उभी असतात. "इंडी, डबा घेतलास का?" "आज्जीला पापा दिलास का?" मग नॅन पहिला गिअर टाकते, भुर्रकन निघून जाते आणि मी उरलेला दिवस ट्रकची चाकं काढते. संध्याकाळी न्यायला येते, आणि अंधाराच्या आत घरी पोचायचंच असा तिचा हट्ट असतो. गाडी मला फक्त शनिवार-रविवारी. तेव्हाही आधी सीट मागे सरकवायची, कारण तिने ती पार पुढे ओढून वर उशी ठेवलेली असते.

तिचा बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, क्लब घरापासून दोन मिनिटांवर आहे. तरी गेल्या गुरुवारी गाडी दीडशे किलोमीटर चालली होती.

"कुठे गेली होतीस?"

"जरा फिरून आले."

"पण कुठे?"

"रस्ता होता तिथे."

पायाखालच्या चटयांमध्ये वाळू आहे. पेट्रोल तिच्या पेन्शनमधून भरते आणि तेही महागातलं, कारण स्वस्तातलं या इंजिनला चालत नाही हे मीच तिला सांगून बसले. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, "मुख्य चालक मी आहे ना?" दुधाची तहान ताकावर भागवते आहे मी, आणि ताकसुद्धा आठवड्यातून दोन दिवस.

१२ मे, मदर्स डे

आई इथे नाही, म्हणून दरवर्षी मी नॅनला बाहेर जेवायला नेते. यंदा तिने मला नेलं, स्टॅन्लीपर्यंत. मासळीच्या दुकानात फळ्यावर काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं.

"चष्मा घरी राहिला."

"गळ्यात आहे तुझ्या."

"तो नाही ग, दुसरा."

मी सगळा फळा वाचला आणि तिने शेवटी नेहमीची स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्रीच घेतली. नंतर धक्क्यावर बसलो तर विचारते, "आजचं पाणी कुठल्या रंगाचं म्हणशील?" म्हटलं, "पाण्याच्या रंगाचं." कधीकधी ती उगाच कविता केल्यासारखी बोलते.

येताना मात्र मजा आली. एक बटाट्याचा ट्रक पुढे रखडत होता. दोन पदरी रस्ता लागला तशी मी म्हटलं, "चौथा टाक आणि दाब." तिने दाबला. पाठ सीटला चिकटली, ट्रक मागे गेला. मग हळूच म्हणाली, "हेच का ते?"

"हेच ते."

"अग बाई," नॅन म्हणाली. "आणि तुझा पॉप मला क्लचचं सांगत होता."

रागावायचं ठरवलं होतं या बाईवर. जमत नाही.

६ जून

नॅनला बर्नीत कोणीतरी भेटलाय. माझी खात्री आहे.

दर महिन्यात एका गुरुवारी ती निळा कोट घालते, लिपस्टिक लावते आणि बर्नीला जाते. बसने! दारात गाडी उभी असताना बसने. विचारलं तर "काम आहे." कोबी म्हणाला, "उघड आहे. त्याच्या दारापुढे नारिंगी टर्बो दिसली तर दुपारपर्यंत गावभर होईल." पटलं. इतर दिवशी हिला दोन पावलंही गाडीशिवाय जायचं नसतं.

आज परत आली ती काळा चष्मा लावून. स्वयंपाकघरात काढला तेव्हा डोळे लाल होते, पाणी येत होतं. चहा ओतताना अर्धा बशीत सांडला. भांडण झालं असणार. मी म्हटलं, "नॅन, कोणासाठी रडायची गरज नाही तुला." तर हसली आणि म्हणाली, "नाही ग, वारा होता." लवकर झोपायला गेली. जो कोण आहे तो, मला तो अजिबात आवडत नाही.

१५ जून, शनिवार

वॉलबी.

गन्स प्लेन्सहून येताना, अंधार पडायच्या बेताला. कोबी शेजारी होता. मी जोरात नव्हते. हे मी स्वतःसाठी लिहिते आहे, त्यामुळे खरं लिहिते: फार जोरात नव्हते. डाव्या कुंपणातून उडी मारून ती छोट्या कांगारूसारखी वॉलबी समोर आली. दिवा, बंपर आणि पुढचा पत्रा गेला. वॉलबी उठली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि झुडपात निघून गेली.

नॅन दारात आली. "तुला लागलं का?"

"नाही."

"आणि तिला?"

"तिला काही नाही झालं, पळाली."

"वॉलबी नाही ग, गाडी!"

२१ जून

विमा कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. पोट भरून शंका घेऊन आला होता. आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग नॅनकडे.

"मुख्य चालक तुम्ही?"

"मी."

"हे बघा मॅडम, अशा आज्या आम्हाला आठवड्याला दोन भेटतात. रागावू नका. पण नातीसाठी सांगत असाल तर आत्ताच सांगा, नाहीतर एक पैसा मिळणार नाही."

नॅन म्हणाली, "आत बसून बघा ना."

त्याने चालकाचं दार उघडलं. बसायला गेला आणि पोट स्टिअरिंगला अडकलं. सीट पार पुढे, वर फुलाफुलांची उशी, दारातल्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्या आणि बोल्स क्लबचा बिल्ला. तो तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर लटकत होता.

"शनिवारी ती चालवत होती," नॅन म्हणाली, "ते आम्ही फोनवरच सांगितलं. रोज मी चालवते. गावात कोणालाही विचारा. पेंग्विनच्या पुतळ्यालासुद्धा विचारा."

त्याने सही केली. वय कमी म्हणून दुरुस्तीतला जादा वाटा तेवढा मला भरावा लागणार. पण कोबीच्या सल्ल्याने नुसतं कागदावर केलं असतं तर आज सगळंच माझ्या गळ्यात आलं असतं. नॅनला थँक्यू म्हणायचं राहिलं. उद्या म्हणेन.

१८ जुलै, गुरुवार

कुठून सुरुवात करू कळत नाही.

गाडी दुरुस्त होऊन सोमवारी आली. आज नॅन निळा कोट घालून बसला गेली आणि मी विन्सला फोन करून पोट दुखतंय म्हटलं. मला तो माणूस बघायचा होता. बर्नीपर्यंत बसच्या मागे मागे गेले. बस थांबली की मी थांबायची. टर्बोचा एवढा अपमान कोणी केला नसेल. नॅन उतरली, एक गल्ली चालली, भिंतीला हात लावत लावत, आणि एका दारात शिरली. मी पुढे जाऊन पाटी वाचली.

डोळ्यांचे डॉक्टर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फळा, चहा, काळा चष्मा, अंधाराच्या आत घरी येणं, सगळं माझ्यासमोर होतं आणि मी तिला बॉयफ्रेंड शोधून दिला. डोळ्यांत औषध घातलं की चालवता येत नाही, म्हणून बस. एवढं साधं होतं.

गाडीत बसून राहिले. दोन तासांनी ती बाहेर आली, एका नर्सने दंड धरला होता. मी इंजिन सुरू केलं. मी हाक मारायच्या आधीच नॅनने तोंड वळवलं.

"इंडे? दुकानाला दांडी मारलीस?"

तिला शेजारी बसवलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या ऑक्टोबरपासून. मधलं पुसत जातं. कडेचं दिसतं."

"आणि तू चालवत होतीस!"

"डॉक्टर दर वेळी तपासत होते. अजून बसतंय नियमात, दिवसाच चालवा म्हणायचे. मी एकदाही दिवस मावळू दिला नाही." मग म्हणाली, "आज नाही बसलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर चावी दिली असतीस?"

खोटं बोलता आलं नाही. "नाही."

"मग." तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. "माझ्याकडे थोडेच महिने होते आणि गाडी नव्हती. आणि तू सही मागायला आलीस. मला वाटलं, देवाला विनोद कळतो. सगळं बघून आले, पोरी. स्टॅन्ली, स्ट्राहन, क्रेडल. पॉप नेईन नेईन म्हणायचा ते सगळं."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडणं नंतर. आधी विम्याला फोन लाव."

"घरी गेल्यावर."

"आत्ता. घरापर्यंत तू चालवणार ना? उद्याही तूच, परवाही तूच. मग मुख्य चालक बदलली."

मी फोन लावून मधे धरला. पलीकडच्या मुलीने बदलाचं कारण विचारलं. नॅन म्हणाली, "मला रस्ता दिसत नाही, बाळ." ती मुलगी सॉरी म्हणाली, थोडा वेळ टकटक ऐकू आली, मग तिने नवा आकडा सांगितला. वॉलबीमुळे पहिल्यापेक्षाही वाढला होता. मी हो म्हटलं आणि महिन्याच्या हप्त्याने भरते म्हणून सांगितलं.

२० ऑगस्ट

जमत नाही. दोन हप्ते भरले आणि विन्सकडे उचल मागावी लागली. शनिवारीसुद्धा काम घेतलं, म्हणजे गाडी चालवायचे दिवस गाडीसाठी कमावण्यात गेले. आठवडाभर ती दारात उभी असते आणि मी नॅनच्या जुन्या बसने कामाला जाते, पेट्रोल वाचवायला.

नॅनने तिच्या अंत्यविधीसाठी ठेवलेले पैसे पुढे केले.

"आणि तुला पुठ्ठ्याच्या खोक्यात पुरू का?"

"मला कुठे दिसणार आहे?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला, आणि ठसक्यानंतर रडू आलं. नॅन पाठीवर हात फिरवत राहिली. विकायचं ठरलं. मला राग येतो आहे, पण कोणावर काढायचा ते सापडत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गाडी गेली.

लॅट्रोबचा माणूस होता, पन्नाशीचा, टक्कल, मनगटावर जुनं टॅटू. टायर बघितले, खाली वाकून बघितलं, इंजिन ऐकलं. मग खिशातून मी दिलेल्या जाहिरातीचा कागद काढला आणि हसायला लागला.

"'एका आजीने चालवलेली, फक्त दिवसा.' पोरी, मी तीस वर्षं गाड्या घेतोय. प्रत्येक गाडी आजीनेच चालवलेली असते आणि रविवारी चर्चलाच गेलेली असते. खरं सांग, जागच्या जागी चाकं फिरवून टायर किती जाळलेस?"

"मी नाही जाळले."

"मग कोणी, आजीने?"

"एकदाच," दारातून आवाज आला. नॅन भिंत धरून पायऱ्या उतरत होती. "स्ट्राहनच्या रस्त्यावर. पुढेमागे कोणी नव्हतं. बघायचं होतं कसं होतं ते."

मला हे माहीत नव्हतं. त्या माणसाचं हसू हळूहळू गेलं. तिने गाडीपर्यंत येताना हात आधी हवेत आणि मग छपरावर ठेवला, ते त्याने बघितलं.

"का विकताय?" त्याने मला विचारलं. आवाज बदलला होता.

मी विमा म्हणणार होते. तेच कारण आहे. पण तोंडातून आलं, "जी चालवायची तिला आता दिसत नाही."

त्याने भाव केला नाही. सांगितले तेवढे दिले. चावी घेताना नॅनला म्हणाला, "सांभाळून चालवीन, मॅडम."

"कशाला?" नॅन म्हणाली. "नीट चालवा."

तो गेला. मी नॅनला आत चल म्हटलं, पण ती फाटकाशीच थांबली, मान जराशी वाकडी करून. गाडी कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आवाजही थांबला, नुसता समुद्र ऐकू येत होता.

"पुलावर आली," नॅन म्हणाली.

मी कोपऱ्याकडे बघितलं, रस्ता रिकामा होता.

"आता चढ. तिसरा टाक रे, तिसरा टाक." तिने माझं मनगट घट्ट धरलं. मग सोडलं. "टाकला. ऐकलंस?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "हो, ऐकलं."